ठोसा लुईसचा, झेंडा कुणाचा?

जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स गावाजवळ अर्ल कार्टर नावाच्या एका गोऱ्या शेतकऱ्याचं भुईमुगाचं शेत होतं. २२ जून १९३८ च्या रात्री त्याच्याकडे राबणारी काळी माणसं घराशी आली आणि आजची लढत ऐकायला मिळेल का म्हणून अदबीनं विचारू लागली. अर्लनं बॅटरीवरचा रेडिओ उचलून खिडकीत ठेवला. माणसं बाहेरच थांबली, कारण गोऱ्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही हा तिकडचा रिवाज. लढत बघता बघता आटोपली. काळा मुष्टियोद्धा जो लुईस जिंकला आणि अर्लचा चेहरा पडला. बाहेरच्या माणसांतलं कुणी हसलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही. मालकाचे आभार मानून सगळे निघाले, रस्ता ओलांडला, रेल्वेचे रूळ ओलांडले, थोड्या अंतरावरच्या आपल्यातल्या एका घरात शिरले आणि दार लावून घेतलं. मग त्या घरातून जो जल्लोष उठला तो रात्रभर चालला.

हे सांगितलंय अर्लच्याच मुलानं. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेले जिमी कार्टर ते हेच.

या लढतीची जी गोष्ट जगभर फिरते, तिच्यात हे शेत नसतं. तिच्यात न्यूयॉर्कचं यँकी स्टेडियम असतं, सत्तर हजारांची गर्दी असते. अमेरिकेचा लुईस जर्मनीच्या माक्स श्मेलिंगला पहिल्याच फेरीत, २ मिनिटं ४ सेकंदांत लोळवतो आणि लोकशाही हिटलरच्या थोबाडात पहिला ठोसा लगावते. हेवीवेट बॉक्सिंगमधल्या थोर फेरलढतींची यादी निघाली की ही वरच्या दोन-चारांत असतेच, आणि ठोशाचं ते वाक्यही तिच्या पाठोपाठ येतंच. ऐकायला झकास आहे. पण लोकशाही जिंकली म्हणतात त्या रात्री त्याच लोकशाहीतला एक मालक हिरमुसून बसला होता, आणि त्याच्या मजुरांना आपला आनंद गिळून रुळांपलीकडे न्यावा लागला होता. हा हिशेब काही जुळत नाही.

लोक एखाद्या खेळाडूत जीव गुंतवतात, त्याला माझी हरकत नाही. मीही गुंतवतो. पण सरकारं, लढती भरवणारे आणि वर्तमानपत्रं खेळाडूच्या खांद्यावर झेंडा टाकतात तेव्हा तो उधारीचा व्यवहार असतो, आणि उधारी निघते खेळाडूच्याच नावावर. आपल्याकडे भारत-पाकिस्तान सामन्याच्या आदल्या दिवशीचे मथळे वाचताना मला हटकून लुईस-श्मेलिंग आठवतात. त्या दोघांचं पुढे काय झालं ते नीट पाहिलं, तर झेंडा खांद्यावर टाकणाऱ्यांचा हात जरा तरी आखडेल असं मला वाटतं.

आधी मुळातला खेळ बघू, कारण झेंड्याच्या गर्दीत तोच हरवतो.

दोघांची पहिली गाठ पडली १९ जून १९३६ ला, याच स्टेडियमवर. लुईस बावीस वर्षांचा आणि व्यावसायिक लढतींत तोवर एकदाही न हरलेला. अलाबामातल्या कापसाच्या मुलखात जन्मलेला आणि डेट्रॉइटमध्ये वाढलेला. श्मेलिंग तिशीतला, १९३० ते १९३२ या काळातला माजी जगज्जेता. सगळ्यांच्या मते उतरणीला लागलेला. त्याच्यावर पैसा लावायला फारसं कुणी तयार नव्हतं. पण या माणसानं लुईसच्या लढतींच्या फिल्म्स पुन्हा पुन्हा पाहिल्या होत्या. पत्रकारांना तो एवढंच म्हणायचा की मला काहीतरी दिसलंय. काय दिसलंय ते सांगायचा नाही. दिसलं होतं ते इतकंच: डाव्या हाताचा जॅब, म्हणजे सरळ झटपट ठोसा, मारून झाला की हात मागे घेताना लुईस तो खाली सोडतो आणि क्षणभर त्याच्या जबड्याची डावी बाजू उघडी पडते. श्मेलिंगचं हुकमी हत्यार म्हणजे उजव्या हाताचा ठोसा, आणि तो नेमका तिथेच जाऊन बसायचा. लुईसला तेव्हा गोल्फचा नवा नाद लागलेला, सराव अर्ध्या मनानं झालेला. चौथ्या फेरीत तो पहिल्यांदा खाली गेला. बाराव्या फेरीत गेला तो उठला नाही.

श्मेलिंग हिंडेनबर्ग या हवाई जहाजातून मायदेशी परतला. हिटलरनं त्याला जेवायला बोलावलं. लढतीची फिल्म 'श्मेलिंगचा विजय, जर्मनीचा विजय' अशा नावानं चित्रपटगृहांत लावली गेली. झेंडा टाकणं कशाला म्हणतात, ते त्या नावातच आलं. आणि गंमत म्हणजे खुद्द अमेरिकेत, दक्षिणेकडच्या काही गोऱ्या वर्तमानपत्रांना हा 'जर्मनीचा विजय' गोडच लागला. म्हणजे त्या वर्षी तरी लुईस अमेरिकेचा नव्हता. त्याला अमेरिकेचा करून घ्यायला पुढची दोन वर्षं लागली, आणि ती हिटलरच्या कर्तबगारीमुळे लागली.

मधल्या काळातलं राजकारण लवकर उरकतो. किताब होता जेम्स ब्रॅडॉककडे, आणि लुईसला हरवल्यामुळे आव्हान देण्याचा हक्क श्मेलिंगचा होता. पण किताब बर्लिनला गेला तर परत येणार नाही ही भीती होती, नाझींविरुद्ध बहिष्काराची चळवळही तापलेली होती. शिवाय लुईसच्या लढतीत पैसा जास्त होता. २२ जून १९३७ ला शिकागोत ब्रॅडॉकसमोर लुईस उभा राहिला आणि आठव्या फेरीत जगज्जेता झाला. श्मेलिंगवर अन्याय झाला, हे कबूल करायला हवं. लुईसलाही ते कुठंतरी खुपत असावं. श्मेलिंगला हरवेपर्यंत मला जगज्जेता म्हणू नका, असं तो सांगत राहिला.

आता ती रात्र. जॅक ब्लॅकबर्न हा लुईसचा जुना, कडक प्रशिक्षक. त्यानं दोन वर्षं तो खाली येणारा डावा हात घोटून घेतला होता. त्या रात्री त्यानं लुईसला कपडे बदलायच्या खोलीतच नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ सराव करायला लावला. लुईस रिंगमध्ये उतरला तो घामानं निथळतच. श्मेलिंग गर्दीतून रिंगकडे येत होता तेव्हा लोक त्याच्यावर केळीच्या साली आणि सिगारेटची रिकामी पाकिटं भिरकावत होते.

घंटा वाजली आणि लुईस सरळ अंगावर गेला. डाव्या हाताचे दोन-चार झटपट ठोसे, मग उजवा. श्मेलिंग मागे सरकत दोराला टेकला, तोल सावरायला त्यानं उजवा हात वरच्या दोरात अडकवला आणि अंग एका बाजूला वळवलं. त्याच क्षणी लुईसचा ठोसा त्याच्या बरगड्यांखाली, जवळजवळ पाठीवर बसला. मणक्याच्या हाडाचे टोकाचे भाग मोडले. श्मेलिंग किंचाळला. रिंगलगत बसलेल्या कित्येकांनी पुढे लिहून ठेवलंय की ती किंकाळी माणसाची वाटली नाही. मग तो खाली गेला, उठला, पुन्हा गेला, पुन्हा उठला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा त्याच्या कोपऱ्यातून त्याचा प्रशिक्षक माक्स माखोननं टॉवेल फेकला, म्हणजे हार कबूल केली. न्यूयॉर्कच्या नियमांत टॉवेलला किंमत नव्हती. पंच आर्थर डोनोव्हननं तो उचलून भिरकावला, तो दोरावर जाऊन लटकला. मग खाली पडलेल्या माणसाकडे पुन्हा नजर टाकून त्यानं स्वतःच लढत थांबवली. श्मेलिंगनं सगळ्या लढतीत जेमतेम दोन ठोसे मारले होते. बर्लिनमध्ये तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते आणि लोक रेडिओला कान लावून बसले होते.

यात लोकशाही कुठं आहे? मला दिसते ती घोटलेली चूक, चोख बेत आणि दोन वर्षं पोटात धरलेला अपमान. कुस्तीच्या भाषेत सांगायचं तर एका डावावर पाठ लागलेला पैलवान त्याच डावाची तोड शिकून आखाड्यात परतला आणि त्यानं हात मिळवल्या मिळवल्या चीतपट मारली. खेळात याहून मोठं काही असायची गरज नसते.

पण तेवढ्यावर स्टेडियम भरत नाही, हेही खरं. लढत भरवणारा माइक जेकब्स हा पक्का धंदेवाईक माणूस. गल्ला दहा लाख डॉलरच्या वर गेला. मंदीनं होरपळलेल्या अमेरिकेत लोकांनी एवढा पैसा काढला तो जॅब आणि हुक यांतला फरक बघायला नाही. मार्चमध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला होता, आणि 'अमेरिका विरुद्ध नाझी' या पाटीइतकी खपणारी पाटी दुसरी नव्हती. अध्यक्ष रुझवेल्ट यांनी आपल्याला बोलावून आपले दंड चाचपून पाहिले, जर्मनीला हरवायला असेच दंड हवेत असं ते म्हणाले, असं लुईस पुढे सांगायचा. ते दंड ज्याचे, त्याच्या माणसांना झाडाला लटकवून मारणाऱ्या झुंडींविरुद्धचा कायदा त्याच वर्षाच्या सुरुवातीला सिनेटमध्ये अडकून पडला होता. दक्षिणेतल्या सदस्यांनी आठवडेच्या आठवडे भाषणं लांबवून तो गुंडाळायला लावला. झुंडबळीविरुद्धचा केंद्रीय कायदा अमेरिकेत अखेर झाला तो २०२२ साली. सरकारनं दंड उसने घेतले, ज्याचे दंड त्याला संरक्षण मात्र दिलं नाही.

यावर कुणी म्हणेल, मग प्लेन्सच्या त्या घरातला जल्लोषही खोटाच म्हणायचा का? त्यांनीही लुईसला प्रतीकच केलं होतं. केलं होतं, आणि तो त्यांचा हक्क होता. त्या माणसांना बोलायला, मत द्यायला, गोऱ्याला उलट उत्तर द्यायला जागाच नव्हती. एका काळ्या माणसानं गोऱ्या माणसाला सगळ्या जगादेखत, नियमात राहून आडवं केलं, ही त्यांच्या आयुष्यात एरवी घडू न शकणारी गोष्ट होती. त्यांनी लुईसकडून घेतलं, पण त्याच्यावर काही लादलं नाही. झेंडा टाकणाऱ्यांनी मात्र अटी घातल्या. जॅक जॉन्सन हा पहिला काळा हेवीवेट जगज्जेता. तो गोऱ्या प्रतिस्पर्ध्यांकडे बघून दात काढायचा आणि गोऱ्या बायकांशी लग्न करायचा, म्हणून देशानं त्याला खटला भरून तुरुंगात घातलं. त्याचं भूत अजून फिरत होतं. म्हणून लुईसच्या काळ्या व्यवस्थापकांनीच त्याला नियम घालून दिले होते: पडलेल्या गोऱ्याकडे बघून हसायचं नाही, गोऱ्या बाईबरोबर फोटो काढायचा नाही. लुईसच्या चेहऱ्यावर कधी काही दिसत नाही म्हणून त्या काळचे पत्रकार त्याला मठ्ठ समजत. त्या मठ्ठपणाची किंमत त्यांना कळली नव्हती.

श्मेलिंगकडे वळायला मला जरा जड जातं, कारण त्याच्याबद्दलची आजची गोष्ट फार गुळगुळीत झाली आहे. तो नाझी पक्षाचा सभासद नव्हता. न्यूयॉर्कच्या ज्यू व्यवस्थापकाला, जो जेकब्सला, सोड म्हणून सांगितलं तरी त्यानं सोडलं नाही. (माइक जेकब्स वेगळा, हा वेगळा, त्या काळच्या बॉक्सिंगमध्ये जेकब्स किती होते देव जाणे.) नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची घरं, दुकानं, प्रार्थनास्थळं जाळली गेली, तेव्हा त्यानं एका ज्यू मित्राच्या दोन मुलांना बर्लिनमधल्या आपल्या हॉटेलच्या खोलीत लपवलं. ही गोष्ट त्यानं स्वतः कधी मिरवली नाही. त्यातल्या एका मुलानं, हेन्री लेविननं, ती १९८९ मध्ये लास व्हेगासमध्ये जाहीरपणे सांगितली. माणूस म्हणून हे लहान काम नाही.

पण याच माणसानं बर्लिन ऑलिंपिकच्या आधी अमेरिकेत जाऊन, काळ्या आणि ज्यू खेळाडूंना जर्मनीत नीट वागवलं जाईल अशी हमी पोहोचवली. पुढे त्यालाच तो आपला भाबडेपणा वाटला. हिटलरबरोबर जेवला, फोटो काढून घेतले, नावाचा वापर होऊ दिला. १९३५ मध्ये हॅम्बुर्गला त्याच्या एका विजयानंतर सगळं सभागृह नाझी सलाम ठोकत उभं राहिलं, आणि रिंगमध्ये त्याच्या शेजारी तो ज्यू जो जेकब्सही हात वर करून उभा होता, बोटांत सिगार तशीच. त्या फोटोवर नाझीही चिडले आणि ज्यूही. मला तो फोटो त्या सगळ्या काळाचं खरं चित्र वाटतो: कुणालाच पुरतं नाही म्हणता आलं नाही, आणि हातातली सिगारही टाकवली नाही. श्मेलिंगला 'चांगला जर्मन' म्हणून धुऊन काढणं हाही एक नवा झेंडाच. तो खलनायक नव्हता, संतही नव्हता. राजवटीनं पुढे त्याला छत्रीधारी सैनिक करून १९४१ मध्ये क्रीटवर उतरवलं. त्याला स्वतःला हे सगळं चांगलं उमगलं असावं. म्हातारपणी तो म्हणाला की ती लढत हरलो याचं आता जवळजवळ बरंच वाटतं. जिंकून जर्मनीला परतलो असतो तर त्यांनी पदक दिलं असतं, आणि युद्धानंतर मी कदाचित युद्धगुन्हेगार ठरलो असतो. एवढं स्वच्छ वाक्य बोलणारे खेळाडू कमी, आणि राजकारणी त्याहून कमी.

आता लुईसचं खातं उघडू. हा माणूस हिशेबाला बेफिकीर होता, हे आधीच सांगतो. पैसा पाण्यासारखा उडवायचा, नातेवाइकांना वाटायचा, गोल्फवर पैजा लावायचा, माइक जेकब्सकडून उचल घ्यायचा. पण लहानपणी मंदीत त्याच्या घरानं डेट्रॉइट शहराची जी सरकारी मदत घेतली होती, ती त्यानं पैसा येऊ लागल्यावर स्वतःहून परत केली. असा हा बेफिकीर माणूस. जानेवारी १९४२ मध्ये, पर्ल हार्बरनंतर साधारण महिन्यानं, त्यानं किताब पणाला लावला आणि लढतीची आपली कमाई नौदलाच्या मदतनिधीला दिली. त्या नौदलात तेव्हा काळ्यांना भांडी घासण्या-वाढण्यापलीकडे काम मिळत नव्हतं. त्या लढतीपाठोपाठ स्वतःच लष्करात भरती झाला, साधा शिपाई म्हणून, काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या तुकड्या असलेल्या लष्करात. दोन महिन्यांनी पुन्हा एक लढत, ती लष्कराच्या निधीसाठी. छावण्याछावण्यांतून सैनिकांपुढे प्रदर्शनी लढती खेळत फिरला.

युद्ध संपलं आणि करखात्याची चिठ्ठी आली. दान केलेल्या पैशांवरच सरकारनं कर मागितला असं सरसकट सांगतात. खरा हिशेब त्याहून गुंतागुंतीचा होता, आणि लुईसच्या माणसांनी घातलेले घोळही त्यात होते. पण बाकी पाच लाख डॉलरच्या वर गेली, व्याज चढत राहिलं, आणि बारा वर्षं किताब राखून १९४९ मध्ये निवृत्त झालेला जगज्जेता पैशांसाठी पुन्हा रिंगमध्ये उतरला. १९५१ मध्ये रॉकी मार्सियानोनं त्याला दोरांतून बाहेर फेकला. त्यानंतर तो पैसे घेऊन दिखाऊ कुस्त्या खेळला. १९५३ मध्ये आई वारली, तिनं लेकासाठी ६६७ डॉलर ठेवले होते, ते करखात्यानं उचलले. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा पुढे वाचवलं नाही. हिटलरच्या थोबाडात ठोसा मारण्याचं श्रेय देशाचं, आणि आईच्या बचतीवर टाच लुईसच्या नावानं.

शेवटची वर्षं त्यानं लास व्हेगासच्या एका कॅसिनोत पाहुण्यांशी हात मिळवण्याची नोकरी केली. त्या सुमारास श्मेलिंग हॅम्बुर्गला सुखात होता. न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग आयोगावर पूर्वी असलेला एक ओळखीचा माणूस कोका-कोलात मोठ्या हुद्द्यावर गेला होता. त्याच्यामुळे श्मेलिंगला पेयाच्या बाटल्या भरण्याचा परवाना मिळाला आणि तो गब्बर झाला. हरलेल्या देशाचा हरलेला मुष्टियोद्धा, पण म्हातारपण त्याचं सुखाचं. तो लुईसला शोधत अमेरिकेत गेला, दोस्ती केली, अडीअडचणीला पैसे दिले. १९८१ मध्ये लुईस गेला तेव्हा अंत्यविधीच्या खर्चालाही त्यानं हातभार लावला असं सांगतात. लुईसचं दफन आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत झालं. नियमात बसत नव्हतं, अध्यक्ष रेगन यांनी नियम शिथिल केला. मेल्यावर सवलत द्यायला सरकारं कधी कचरत नाहीत. श्मेलिंग २००५ पर्यंत, नव्व्याण्णव वर्षं जगला.

या दोस्तीची गोष्ट आजकाल त्या लढतीचा गोड शेवट म्हणून सांगतात. मला ती गोड वाटत नाही. एका देशानं जे देणं चुकवायला हवं होतं, ते दुसऱ्या देशातला, कधीकाळी याच माणसाकडून मणका मोडून घेतलेला एक खाजगी इसम आपल्या खिशातून चुकवत होता. ही दोघांच्या मोठेपणाची गोष्ट आहेच, पण तिसऱ्याच्या नादारीचीही आहे.

डेट्रॉइटमध्ये १९८६ मध्ये लुईसचं स्मारक उभं राहिलं. चोवीस फूट लांबीचा एक काळा हात, पुढे वळलेली मूठ, पिरॅमिडसारख्या उंच चौकटीला आडवा टांगलेला. चेहरा नाही, धड नाही. काळ्या शहराच्या ताकदीची खूण म्हणून डेट्रॉइटकरांना ती मूठ आवडते, आणि ते शहर त्याचं होतं, तेव्हा त्यांचा हक्क मला मान्य आहे. मला मात्र त्या मुठीसमोर तो न हसणारा चेहरा आठवत राहतो.

आणि आठवते ती रुग्णवाहिका. लढतीनंतर श्मेलिंगला इस्पितळात नेलं, तेव्हा वाट हार्लेममधून जात होती. त्यानं ते लिहून ठेवलंय. मणका मोडलेला, हलता येत नव्हतं. बाहेर वादक बार आणि क्लब सोडून फुटपाथवर येऊन वाजवत होते, माणसं रस्त्यात नाचत होती, सॅक्सोफोनचा आवाज गाडीच्या भिंतीतून आत येत होता. आणि त्या सगळ्या गोंगाटात पुन्हा पुन्हा एकच नाव कानावर पडत होतं, जो लुईस.